दुसऱ्या हातची पिन

केदारखेडा फाट्यावर उतरून भोकरदनकडं तोंड केलं की डाव्या हाताला निळ्या पत्र्याचं लांबलचक शेड लागतं. पाटीवरची अक्षरं उन्हानं उडालीत, पण काकासाहेबांच्या ट्रॉल्यांना पाटीची गरज कधी पडलीच नाही. ऊस भरा, कापूस भरा, लग्नाचं वऱ्हाड भरा. काकासाहेबांच्या ट्रॉलीचं चाक रस्त्यात निघालं असं कोणी ऐकलं नाही. काकासाहेब गेले त्याला आता दोन वर्षं होत आली. शेडाच्या मागं तीस पावलांवर त्यांचं घर, स्लॅबचं, तीन खोल्यांचं. त्यात त्यांची बायको दैवशालाबाई एकटी राहते.

तीस पावलं म्हणजे काय अंतर! गॅसवरचं दूध उतू जायच्या आत जाऊन यावं एवढं. पण दहा महिन्यांत ती तीस पावलं दैवशालाबाईनं टाकली नव्हती, आणि शेडात राहणाऱ्या तिच्या मुलानंही टाकली नव्हती.

मुलगा एकच, अंगद. डिप्लोमा केला, पुण्याच्या कंपनीत सहा वर्षं काढली, बाप आजारी पडला म्हणून परत आला तो आलाच. त्याची बायको साधना जालन्याच्या शाळेत शिकवते आणि लेक अंतराला घेऊन तिथंच राहते. अंगद रविवारी त्यांच्याकडं जातो, बाकीचे सहा दिवस शेडात. ट्रॉल्या बनवतोच तो, त्यात खोट नाही. पण शेडाच्या मागच्या अर्ध्या भागात त्यानं वेगळंच मांडलं. विमान! एका माणसाचं, नळ्यांचं आणि कापडाचं. कुठून तरी नकाशे मागवले आणि चार वर्षं एकेक नळी जोडत बसला.

बापाच्या वर्षश्राद्धाला पंगत बसली होती. भावकी होती, पाव्हणे होते. कोणीतरी सहज विचारलं, अंगद, विमान कुठवर आलं? तो तोंड उघडायच्या आत आई वाढता वाढता बोलली, "विमान कशाचं, रिकामपणाचं खेळणं हाय ते. बाप खमक्या असता तर शेडात पाय ठेवू देत न्हवता."

पंगत हसली. अंगदनं हातातला घास ताटात ठेवला आणि उठला. त्या दिवसापासून त्याची खाट शेडात. फाट्यावरच्या खानावळीतून डबा येतो. दैवशालाबाईनं चार दिवस कचरूच्या हातानं जेवण पाठवलं. चारही दिवस झाकलं तसं परत आलं. पाचव्या दिवशी तिनं पाठवलं नाही. बोलवायला मी जाणार नाही, त्यानं यावं, असं तिनं ठरवलं. तिकडं त्यानंही तसंच काही ठरवलं असणार. पोरगं कोणाचं होतं!

कचरू म्हणजे काकासाहेबांच्या वेळचा वेल्डर. साठी ओलांडलेला, पोट सुटलेलं, एका डोळ्यात मोतीबिंदू. सकाळ-संध्याकाळ चहाला घरी येतो आणि न विचारता सगळं सांगतो. दैवशालाबाई आपणहून विषय काढत नाही. काढला तर ती हरली असं होईल. ती फक्त चहात आलं जास्त टाकते, म्हणजे गडी जास्त वेळ बसतो.

"वहिनी, काल चाकं लागली," कचरू बशीत चहा ओतत म्हणाला. "उभं राह्यलं गडी आपल्या पायावर. इतके दिवस लाकडाच्या घोड्यावर होतं, तव्हा काय वाटत न्हवतं. काल चाकावर आलं आन् मी म्हणलं, आता काही खरं न्हाई, हे उडतंय बहुतेक."

"उडायची परवानगी आली का?"

"ती कुठं आली! कागदं फिरून राह्यलेत दिल्लीला. पण जमिनीवर पळवायला कोण अडवतंय? सोयाबीन निघालेलं रान रोलर फिरवून टणक केलंय ना त्यानं. तिथं पळवून बघणार, ब्रेक, चाकं, बेरिंगा."

दैवशालाबाईनं पातेलं खाली ठेवलं. "पिन कोणी मारली?"

कचरूनं बशी तोंडापाशी नेली आणि तिथंच धरून ठेवली.

आता हे पिनेचं समजायला शेडाचा नियम ठाऊक पाहिजे. एक्सलवर बेरिंग बसतं, त्यावर चाक, आणि टोकाला नट. नटाला खाचा असतात आणि एक्सलला आरपार भोक. नट बरोबर आवळला की खाचेतून पिन घालायची आणि तिचे दोन पाय वाकवायचे. मग नट सुटायचा नाही. हे सगळीकडंच करतात. पण काकासाहेबांच्या शेडात ज्यानं चाक बसवलं त्यानं पिन मारायची नाही, असं होतं. बसवणाऱ्याला आपलं काम नेहमी चांगलंच दिसतं, असं काकासाहेब म्हणायचे. दुसऱ्यानं यावं, चाक फिरवावं, हलवून बघावं, पटलं तर पिन घालावी, न पटलं तर नट सोडून निघून जावं. वाद घालायचा नाही.

ती पिन चौतीस वर्षं दैवशालाबाईनं मारली. दुसरीतून शाळा सुटलेली बाई. हातातली भाकर तव्यावर टाकायची, पीठ पुसत यायची आणि जॅकवरच्या चाकाला एक जोराचा फेरा द्यायची. फिरणारं चाक थांबताना एकदम थांबलं तर बेरिंग आवळलेलं. थांबून जरासं मागं झुललं, तर बराबर. मग वरखाली धरून हलवायचं. टक असा आवाज आला तर ढिलं. मोठमोठे मिस्त्री तिच्या मानेकडं बघत उभे राहायचे. मान हलली की चाक पास.

"त्यानंच मारली," कचरू म्हणाला. "मला म्हणला मार, मी म्हणलं, मला पिनीचं भोक दिसत न्हाई, मी काय मारू? मंग म्हणला, बरं, मीच मारतो."

"बसवलं बी त्यानंच?"

"मंग कोण? हवाईदल येणार व्हतं का?"

दैवशालाबाई हसली नाही. तिनं कचरूची अर्धी भरलेली बशी उचलली आणि मोरीत ओतली. "झाला चहा. जावा आता."

दिवसभर तिला काही सुचलं नाही. आपण खेळणं म्हटलं ते त्याला झोंबलं, बरं. डबा परत पाठवला, तेही बरं. पण पिन? तिथं जवळ, तीस पावलांवर, चौतीस वर्षांचा हात बसलेला असताना यानं स्वतः बसवावं आणि स्वतः पिन मारावी? ट्रॉलीच्या पिना गेल्या दोन वर्षांत कचरूच्या भाच्याकडून मारून घेतो, ते तिनं सोडून दिलं होतं. ट्रॉली जमिनीवर चालते. ह्याच्यात तर तो स्वतः बसणार होता.

बरं, ह्यात राग किती आणि काळजी किती, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. तिच्याजवळ दोन्हीला मिळून एकच भांडं होतं.

दुपारी अंगद मोटारसायकल काढून जालन्याला गेला. कसल्यातरी पट्ट्या लेथवर घासून घ्यायच्या होत्या. कचरू जेवायला गावात गेला. दैवशालाबाईनं डोक्यावर पदर घेतला आणि मागच्या दारानं शेडात शिरली. कडी कशी उचलायची ते तिच्या हाताला अजून ठाऊक होतं.

आत ते उभं होतं. तिनं ते अर्धवट नळ्यांचं पाहिलं होतं, आता कापड चढलं होतं, पांढरं. दोन्ही बाजूला पंख, मध्ये एक खुर्ची. एकच. ती बघून तिला उगाच वाईट वाटलं. एवढं मोठं करायचं आणि जागा एकाला! खाली दोन चाकं, ट्रॉलीच्या मानानं अगदीच नाजूक, आणि शेपटाला एक बारकं. प्रत्येक मोठ्या चाकाला मध्यभागी ॲल्युमिनियमची टोपी.

तिनं डाव्या बाजूला छोटा जॅक लावला. टोपी काढली. पिन बघितली. नवीन होती, दोन्ही पाय नीट वाकवलेले. काम स्वच्छ होतं. ते बघून तिला अजूनच राग आला. मग तिनं चाकाला फेरा दिला. चाक फिरलं, थांबलं, मागं झुललं. बराबर. मग दोन्ही हातांनी वरखाली धरून हलवलं.

टक.

पुन्हा हलवलं. टक टक.

"आता!" ती मोठ्यानं म्हणाली. शेडात ऐकायला कोणी नव्हतं. "आता बोल! पुण्याला शिकलास ना?"

तिला झालेला आनंद सांगण्यासारखा नव्हता. पोराची चूक सापडली म्हणून आई खूश झाली, असं कोणाला सांगणार? पण झाली. दहा महिन्यांत पहिल्यांदा तिच्या हाताला काम मिळालं होतं, तिचं काम. तिनं पक्कडीनं पिन ओढून काढली, पाना लावला आणि नट एक खाच आवळला. हलवलं. टक. थोडा कमी वाटला का? अजून एक खाच आवळला. हलवलं. अजूनही बारीकसा टक येतच होता. ॲल्युमिनियमचा माल, तेवढं राहणारच, असं तिनं स्वतःला सांगितलं. चाकाला फेरा दिला. चाक फिरलं आणि थांबलं. मागं झुललं नाही. नवं ग्रीस आहे, घट्ट असतं, असं तिनं पुन्हा स्वतःला सांगितलं.

चौतीस वर्षांत तिनं एकाही मिस्त्रीचं असलं कारण ऐकून घेतलं नव्हतं.

डब्यातली कोरी पिन घेऊन तिनं मारली. एक पाय वर एक्सलच्या टोकावर, एक खाली, तिच्या पद्धतीनं. टोपी ठोकून बसवली. उजव्या चाकाकडं वळली तेवढ्यात रस्त्यावर कचरूच्या लुनाचा फटफट आवाज आला. जॅक काढून होता तिथं ठेवला आणि ती आली तशी निघून गेली.

संध्याकाळी तिनं कचरूच्या चहात आलं टाकलं, साखरही टाकली. कचरू म्हणाला, काय वहिनी, आज काय सण हाय का? ती म्हणाली, गप प्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता कचरू वेळेआधीच आला आणि ओट्यावर बसला.

"जल्दी द्या चहा, वहिनी. आज धावपळ हाय. पाचरी आल्या जालन्याहून. त्या घातल्या की पाच वाजता पळवणार म्हणला."

"पाचरी कसल्या? लाकूड फोडायचंय का?"

"न्हाई वो. तुम्हाला वाटतं तसं न्हाई त्याचं." कचरूला समजावून सांगायला फार आवडायचं. त्यानं दोन्ही हात पुढं करून पालथे धरले. "ट्रॉलीचा एक्सल कसा, ह्या चाकापासून त्या चाकापर्यंत सलग गज. ह्याचं तसं न्हाई. ह्याला दोन पाय, पाट्याच्या स्प्रिंगावाणी लवचिक. आन् दर पायाला वीतभर एक्सल, चार बोल्टांनी धरलेला. आता वर माणूस बसला की पाय फाकतेत, चाकं तिरपी होतेत. म्हून पाय आन् एक्सलच्या मधी पाचर घालायची, म्हंजे वजन आल्यावर चाक सरळ. त्या पाचरी घासून आणल्या. तवर बोल्ट निस्ते बोटानं लावलेले व्हते, ढिले. मी चाक हलवलं तर टकटक वाजतंय, मी घाबरलो! त्यो म्हणला, कचरूभाऊ, ते बेरिंग न्हाई, मागचे बोल्ट वाजतेत."

दैवशालाबाईच्या हातात साखरेचा डबा होता. तो तिनं कट्ट्यावर ठेवला. मग उचलून पुन्हा ठेवला.

मागचे बोल्ट. चाकाच्या मागं तिनं बघितलंच नव्हतं. कशाला बघेल? ट्रॉलीच्या चाकाच्या मागं बघण्यासारखं काही नसतं. तिथं मनगटाएवढं लोखंड असतं आणि ते वाजत नाही. चाक वाजलं म्हणजे बेरिंग वाजलं, हे तिला इतकं पक्कं ठाऊक होतं, की दुसरं काही असेल असं वाटायला जागाच नव्हती.

म्हणजे अंगदनं नट बराबर बसवला होता. आणि तिनं तो दोन खाचा आवळून ठेवला होता, वरून टोपी लावून. ट्रॉली असती तर दोन कोस जाऊन हब तापला असता, धूर आला असता, शिव्या बसल्या असत्या. पण हे पळणार होतं मोटारीच्या वेगानं. एकच चाक पकडलं तर ते गर्रकन त्या बाजूला फिरणार, पंख जमिनीला टेकणार, आणि त्या एका खुर्चीत कोण बसलेलं असणार?

"कचरूभाऊ," ती म्हणाली. आवाज तिनं नेहमीसारखा ठेवला. "त्याला सांगा, डाव्या चाकाची टोपी काढून बघ म्हणावं."

"कामून?"

"सांगा म्हणते ना."

"तुम्ही सांगितलं म्हणू का?"

"न्हाई."

"मंग कोणी सांगितलं म्हणू?"

"तुम्हीच सांगताय असं सांगा!"

"मी?" कचरूनं चांगल्या डोळ्यानं तिच्याकडं बघितलं. "वहिनी, मला पिनीचं भोक दिसत न्हाई हे त्याला म्हाईत हाय. मी टोपीच्या आतलं सांगितल्यावर त्यो मलाच दवाखान्यात नेईल. आन् तसं बी त्यो आता ऐकत न्हाई कोणाचं. सकाळपासून तोंडातून शब्द न्हाई."

चहा न पिताच तो गेला. पाचरीचं काम होतं.

दैवशालाबाई ओट्यावर बसली. समोर शेडाचा मागचा पत्रा. आतून पान्याचा आवाज येत होता. तिनं आयुष्यात खूप लोकांना बोललं होतं. सासूला, नणंदांना, तालुक्याच्या साहेबाला, ग्रामसेवकाला, आणि काकासाहेबांना तर रोज. चुकलं असं मात्र कोणाला म्हटलेलं तिला आठवत नव्हतं. एकदा काकासाहेबांचा ताप उतरत नव्हता तेव्हा देवाला म्हणाली होती, तेही मनात. आणि आता म्हणायचं तर कोणाला? ज्याच्या विमानाला चारचौघांत खेळणं म्हटलं त्याला. दहा महिने ती त्याच्या येण्याची वाट बघत होती, आपण बरोबर आहोत हे धरून. आता जायचं तर ते हातातून टाकूनच जावं लागणार होतं. त्यानं हाकलून दिलं तर घरी परत यायला काहीच उरणार नव्हतं, रागसुद्धा नाही.

आत पान्याचा आवाज थांबला. ती उठली.

शेडाच्या दारात गेली तेव्हा अंगद पंखाखाली पालथा पडून उजव्या चाकाच्या मागं काहीतरी करत होता. कचरू कंदिलासारखी बॅटरी धरून उभा होता. त्यानं तिला बघितलं, बॅटरी जमिनीवर ठेवली आणि "मी आलोच" म्हणून समोरच्या दारानं निघून गेला. तो येणार नव्हता हे तिघांनाही कळलं.

अंगदनं मान वळवली. उठला नाही.

"बोल्ट ढिले ठेवून कोणी चाक लावतं का?" दैवशालाबाई म्हणाली. बोलायचं वेगळंच होतं. तोंडाला सवय नव्हती.

"बोल्ट ढिले व्हते हे तुला कोणी सांगितलं?"

"कचरूनं."

"आन् आता ते सांगायला आलीस? दहा महिन्यांनी?"

बाहेर रस्त्यावरून एसटी गेली, पत्रे थरथरले, थांबले.

"काल तू जालन्याला गेल्तास," ती म्हणाली. "मी आल्ते इथं. डाव्या चाकाची टोपी काढली. हलवलं, तर टक वाजलं. मला वाटलं नट ढिला. दोन खाचा आवळला. मागचे बोल्ट म्या बघितले न्हाई." तिनं श्वास घेतला. "चुकलं माझं."

अंगद पंखाखालून बाहेर आला. गुडघ्यावर बसून तो डाव्या चाकापाशी गेला, टोपी काढली आणि पिनेकडं बघत राहिला. एक पाय वर, एक खाली. तसली पिन तो लहानपणापासून ओळखत होता.

"आवळल्यावर फिरवून झुललं का न्हाई ते न्हाई बघितलं?"

"बघितलं. झुललं न्हाई."

"मंग?"

"मंग काय! ग्रीस नवं हाय म्हणलं."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तिला ओरडणाऱ्याशी कसं बोलायचं ते ठाऊक होतं. त्यानं जॅक लावला, पिन काढली, नट सोडून चाक उतरवलं. बेरिंग हातात घेऊन उजेडात फिरवून बघितलं, बोटानं ग्रीस बाजूला करून एकेक रोलर तपासला. अजून पळालं नव्हतं, त्यामुळं कुठं डाग नव्हता. पुसलं, पुन्हा ग्रीस भरलं, चाक चढवलं. नट आवळत चाक फिरवलं, मग सोडत आणला, जवळच्या खाचेला थांबला. पिनेचं भोक तसंच रिकामं ठेवलं.

"मी टोपी काढणार न्हवतो," तो चाकाकडं बघत म्हणाला. "माझं मी बसवलेलं व्हतं. बोल्ट कसून तसाच घेऊन जात व्हतो रानात."

"म्हून आले."

त्यानं पाना खाली ठेवला. "आज काय पळवत न्हाई मी," तो म्हणाला. "डाव्या बाजूची पाचर बसायची हाय अजून. त्याला सीटवर वजन लागतं. मी बसलो तर खाली बघायला कोणी न्हाई. कचरूभाऊ बसला तर रेघेच्या पार जातो, नव्वद किलोचा गडी." मग दुसरीकडंच बघत, "बसतीस का?"

चाकांखाली त्यानं पत्र्याचे दोन दोन तुकडे ठेवले होते, मध्ये ग्रीस लावून. वजन आलं की पाय फाकावेत आणि चाकं न अडखळता सरकावीत म्हणून. फरशीवर खडूची रेघ होती. परवा तो स्वतः बसला होता तेव्हा चाक सरकून जिथं थांबलं तिथं कचरूनं मारलेली. तो सत्तर किलोचा. चाक रेघेला टेकलं म्हणजे पाचर बरोबर मापात घालता येणार.

दैवशालाबाई स्टुलावर चढली. नऊवारी असती तर सोपं गेलं असतं. पातळ सावरत, नळी धरत ती कशीतरी त्या खुर्चीत बसली. समोर घड्याळासारखी तीन तोंडं, पायांपाशी दाबायचे पायटे. वर पांढरं कापड आणि त्याच्या पलीकडं पत्रा. अंगद कुठं दिसत नव्हता, फक्त त्याचा आवाज खालून येत होता. दहा महिन्यांनी पोरगा जवळ आला होता आणि आताही तोंड दिसत नव्हतं.

"हलू नको."

"हलायला जागा कुठं ठेवलीस?"

"रेघ लांब हाय अजून. थांब." तो काट्याची लोखंडी मापं घेऊन आला, कापूस मोजायची, पाच पाच किलोची. "तू साठची. दोन मापं लागतील." एक तिच्या ओटीत ठेवलं, एक पायापाशी. खाली जाऊन बघितलं.

"न्हाई टेकलं."

तिसरं आणलं. पुन्हा खाली गेला. चौथं आणलं. ठेवताना त्याचा हात तिच्या मनगटाला लागला, बांगड्या कोपरापर्यंत सरकल्या.

"तुझी रेघच चुकली असंल," ती म्हणाली. "मोतीबिंदूवाल्याच्या हातानं मारल्यावर दुसरं काय होणार?"

"रेघ मी पुन्हा मोजलीय."

पाचवं माप ठेवल्यावर चाक रेघेला टेकलं. तो खालून बाहेर आला आणि उभा राहिला. आता पंखाच्या काठाखाली तिला त्याचं तोंड दिसलं. दाढी वाढलेली, कपाळाला ग्रीस. तो ओठांतल्या ओठांत हिशेब करत होता. सत्तरातून पंचवीस.

"आई, पंचेचाळीस?"

"मंग? इमानाला हलकंच लागतं ना!"

तो हसला नाही. पंखाखाली वाकून पुन्हा आत गेला. पाना बोल्टाला लागल्याचा आवाज आला, एक फेरा, दुसरा, आणि मध्येच थांबला.

"आज काय जेवलीस?"

"जेवते मी. मला काय झालंय?"

"आज काय जेवलीस, ते विचारून राह्यलो."

"भाकर."

"कशासंगं?"

दैवशालाबाईनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. तिच्याकडं उत्तर नाही असं कधी झालं नव्हतं. ओटीत पाच किलोचं लोखंड घेऊन ती आठवत राहिली, सकाळी तवा ठेवला होता का, काल ठेवला होता का, एकटीसाठी कालवण शेवटचं कधी केलं. खाली अंगदनं पाना तसाच धरून ठेवला होता. तो वाट बघत होता.